जुनी कॅम्परव्हॅन घेताय? आधी तिच्याखाली झोपा

आमची पहिली कॅम्परव्हॅन आम्ही पडद्यांवर भाळून घेतली. १९९८ची फोक्सवॅगन टी-फोर, निळी, आत पिवळ्या फुलांचे पडदे, छताच्या कडेनं बारीक दिव्यांची माळ. विकणाऱ्या बाईंनी गाडीतल्याच शेगडीवर केटल ठेवून आम्हांला चहा पाजला. मुलगी मागच्या पलंगावर लोळत होती आणि मी मनानं कधीच कॉर्नवॉलला पोचलो होतो. पाच महिन्यांनी एमओटीसाठी, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या दर वर्षीच्या तपासणीसाठी, गाडी लिफ्टवर चढली. मेकॅनिकनं दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे सिलवर, स्क्रूड्रायव्हर दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. आतून पुटीन निघालं, जाळीचा तुकडा निघाला आणि चुरगाळलेलं वर्तमानपत्रही निघालं.

माझा मेव्हणा सांगलीत गॅरेज चालवतो. त्याला व्हिडिओ कॉलवर ते भगदाड दाखवलं. तो जरा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दाजी, आधी गाडीखाली झोपायचं असतंय. वर झोपायचं मग बघायचं."

ब्रिटनमध्ये राहणारी आणि पहिल्यांदाच जुनी कॅम्परव्हॅन घ्यायला निघालेली मराठी मंडळी अधूनमधून मला फोन करतात. त्यांना जे तोंडी सांगतो ते इथे सविस्तर लिहितोय. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलून मिळतो. जुन्या कॅम्परला खरं मारतं ते पाणी. खालून मिठाचं, वरून पावसाचं, आतून आपल्याच श्वासाचं आणि कुकरच्या वाफेचं. म्हणून गाडी बघायला गेलात की पाणी कुठून शिरलंय ते शोधायचं. बाकीचं त्यानंतर.

घरी बसून उरकायची कामं

सुरुवात परवान्यापासून. इथे राहायला आल्यावर भारतीय परवान्यावर १२ महिने गाडी चालवता येते. तो इथल्या परवान्याशी बदलून मिळत नाही, त्यामुळे पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. आज कारची परीक्षा पास होणाऱ्याला डिझेल-पेट्रोलची साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. साध्या व्हॅन त्यात आरामात बसतात. मोठी मोटरहोम घेणाऱ्यानं मात्र दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवरचा कमाल वजनाचा आकडा वाचावा. तो आकडा सामानासकट, माणसांसकट असतो. ६० लिटर पाणी भरलं की ६० किलो तिथेच गेले, आणि आपल्याकडचं सामान तुम्हांला माहीतच आहे. चार दिवसांच्या सहलीला आमच्याकडे पाच किलो तांदूळ निघतो.

मग पत्ता. यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे लावणारा पट्टा, २९ ऑगस्ट २०२३पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (विभागांमध्ये) लागू आहे आणि नियमात न बसणारी गाडी हलवली की त्या दिवसाचे साडेबारा पाउंड लागतात. धुराच्या मानकानुसार डिझेल गाडी युरो ६ म्हणजे साधारण २०१५-१६ नंतरची हवी, पेट्रोल युरो ४ म्हणजे साधारण २००६ नंतरची. हॅरो, वेम्बली किंवा हाउन्स्लोत राहून जुनी डिझेल कॅम्पर घेणाऱ्यानं आधी बेरीज करावी. वर्षात दहा वेळा बाहेर पडणार असाल तर जाता-येताचे दिवस धरूनही परवडेल. आठवड्याच्या भाजीला तीच गाडी नेणार असाल तर नाही. ४० वर्षांवरची, 'ऐतिहासिक' म्हणून नोंद झालेली गाडी यातून सुटते. बर्मिंगहॅम आणि ब्रिस्टललाही असे पट्टे आहेत. ग्लासगो, एडिंबरा, डंडी आणि ॲबर्डीनमध्ये तर पैसे भरून आत जायची सोयच नाही, सरळ दंड येतो. गाडीचा नंबर टाकून हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आधी तपासता येतं.

विम्याचा आकडाही गाडी बघायला निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. नोंदणीच्या कागदावर गाडीचा प्रकार 'मोटर कॅराव्हॅन' आहे की नुसती 'पॅनेल व्हॅन', हे विमावाल्याला खरं सांगायचं. घरीच रूपांतर केलेल्या बऱ्याच गाड्या कागदावर अजून व्हॅनच असतात. त्यात लबाडी नाही, पण ते लपवून विमा काढला असेल तर दावा करताना तो पांगळा पडतो.

कुठली घ्यावी

सगळ्यांच्या डोक्यात असते ती गोल डोळ्यांची, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची फोक्सवॅगन. माझं मत स्पष्ट आहे: तो एक छंद आहे. सहलीला न्यायची म्हणून पहिली गाडी ती घेऊ नका. इंजिन मागे, वेग बेताचा, आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी पाइपला भेग पडली की तापलेल्या इंजिनावर थेंब पडून आग लागते. २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई-टेन आहे आणि त्यातलं इथेनॉल अशा जुन्या रबराला मानवत नाही. हौस दांडगी असेल तर घ्या, पण घेतल्याच्या आठवड्यात सगळे पाइप बदला आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा.

नवख्यासाठी टी-फोर (१९९० ते २००३) किंवा टी-फाइव्ह (२००३ ते २०१५) बरी. इंजिन पुढे, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि लहान चासीची गाडी नेहमीच्या पार्किंगच्या चौकटीत जेमतेम का होईना बसते. माझ्दा बोंगो जपानहून वापरलेली येते, तिच्या बऱ्याच मॉडेलांचं छत बटण दाबून उघडतं आणि मुलं त्यावर खूष होतात. पण तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी झालं तर ती सांगत नाही. तापमानाचा काटा मधोमध दिसत असतानाच इंजिनाचं हेड तडकलेलं असतं. बोंगो घ्यायची तर कूलंट कमी झाल्याचा भोंगा बसवलाय का ते पाहा. नसेल तर पहिला खर्च तोच. मागच्या चाकांच्या कमानीही पाहा, गंज तिथून सुरू होतो.

फियाट ड्युकाटो किंवा पेजो बॉक्सरच्या चासीवर बांधलेली खोलीवाली मोटरहोम त्याच पैशात ऐसपैस मिळते. पण तिच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा असतो. त्याबद्दल पुढे येतंच.

नंबर टाका आणि इतिहास वाचा

ही पायरी फुकट आहे आणि सर्वांत मोलाची आहे. मी ती आमच्या पहिल्या गाडीच्या वेळी गाळली. सरकारी संकेतस्थळावर नुसता गाडीचा नंबर टाकला की तिच्या एमओटीचा इतिहास दिसतो: दर वर्षीचे मैल, कशात नापास झाली, आणि पास करताना परीक्षकानं दिलेल्या सूचना, ज्यांना इथे ॲडव्हायझरी म्हणतात.

नुसतं पास-नापास पाहून थांबू नका. ॲडव्हायझरी कादंबरीसारख्या क्रमानं वाचा. आमच्या निळीच्या इतिहासात तीन वर्षं ओळीनं लिहिलेलं होतं की उजव्या सिलला गंज धरलाय. चौथ्या वर्षी ती ओळ गायब. गंज औषधानं बरा होत नाही. ओळ गायब झाली तर एक तर नवा पत्रा वेल्ड केलाय, आणि मग त्याचं बिल विकणाऱ्याकडे असायला हवं. नाही तर कुणीतरी वरून पुटीन थापून रंग मारलाय. हे मी वाचलं ते वर्तमानपत्र बाहेर निघाल्यावर.

मैलही पाहा. वर्षाला दोनशे-तीनशे मैल फिरलेली गाडी ऐकायला छान वाटते, पण उभी राहिलेली गाडी कुजते. ब्रेक धरतात, सील वाळतात, टायरला भेगा पडतात. दर उन्हाळ्यात फ्रान्सला जाऊन आलेली, दीड लाख मैल झालेली, बिलांची जाडजूड फाइल असलेली गाडी मी डोळे झाकून आधी बघायला जाईन. आणि एमओटीला अवाजवी महत्त्व देऊ नका. ती रस्त्यावर चालवण्यापुरती तपासणी आहे. आतली शेगडी, फ्रिज, भिंतीतली ओल यांच्याशी तिला देणंघेणं नाही.

बघायला जाताना

मुद्दाम पावसात जा, किंवा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. हौशी गिऱ्हाईक मेमध्ये येतं, त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर भावही नरम असतो. आदल्या दिवशी फोन करून सांगा की इंजिन सुरू करू नका, मला थंड बघायचंय. पोचल्यावर बोलता बोलता बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काय लपवलं असेल याचा विचार करा.

सोबत जुने कपडे, टॉर्च, लहान लोहचुंबक, पुठ्ठ्याचं मोठं खोकं उलगडून, आणि दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र. हे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतं. पुठ्ठा झोपायला. गाडी सपाट जागी, स्वतःच्या चारही चाकांवर, हँडब्रेक लावून उभी असेल तरच खाली सरका. जॅकवर चढवलेल्या गाडीखाली कुणी कितीही आग्रह केला तरी जायचं नाही.

इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून कौन्सिलच्या गाड्या रस्त्यावर खडे मीठ टाकतात. समुद्रकाठच्या घरात खिडकीचे गज कसे पोपडे सुटून झडतात हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इथे प्रत्येक गाडी चार महिने त्याच हवेत असते. टी-फोरमध्ये दारांखालचे दोन्ही सिल, जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी आणि पुढच्या काचेची खालची कड या जागा नक्की बघा. पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुटीन आहे. बोटानं टकटक करा: पत्रा टणटणतो, पुटीन मातीच्या मडक्यासारखं बद्द बोलतं. वरवरचा तपकिरी गंज घाबरण्यासारखा नाही. थर सुटून पापुद्रे निघत असतील, किंवा अंगठ्यानं दाबल्यावर पत्रा दबत असेल, तर तिथे वेल्डिंग लागणार आहे आणि वेल्डिंगचा खर्च बाहेरून दिसणाऱ्या भोकावर कधीच थांबत नाही. अख्खं पोट नुकतंच काळंकुळीत रंगवलेलं दिसलं तर कौतुक करू नका. कधी केलं, आधीचे फोटो आहेत का, ते विचारा. ज्यानं मनापासून काम केलंय त्याच्या फोनमध्ये फोटो असतातच.

दुसऱ्या खेपेला मी पुठ्ठ्यावर झोपून वीस मिनिटं खाली होतो. विकणारे आजोबा शेवटी स्वतःच वाकून म्हणाले, "डावीकडच्या मागच्या कोपऱ्यात बघ, तिथे मी २०१९मध्ये तुकडा लावलाय." गाडी तिथेच अर्धी ठरली.

आत शिरल्यावर: नाक, मग हात, मग यंत्र

दार उघडल्याबरोबर पहिला श्वास घ्या. कपाटात ठेवलेल्या ओल्या छत्रीसारखा कुबट वास आला तर तो येतो कुठून ते शोधा. सुगंधी पुड्या तीन-तीन लटकत असतील तरी शोधा. गाद्या उचला, खालच्या फळ्यांवर काळे ठिपके आहेत का पाहा. पडदे बाजूला सारून खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांवर तळहात दाबा. उघडणारं छत असेल तर ते पूर्ण उघडून कापडाच्या शिवणी टॉर्चनं आतून बघा, आणि मिटताना तुम्ही स्वतः मिटवून बघा.

लाकडी सांगाड्याच्या मोटरहोममध्ये यंत्र बाहेर काढा. खिडक्यांचे कोपरे, छताच्या झडपांभोवती, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाचा पुढचा भाग, मागच्या दिव्यांच्या आतली बाजू. १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर ठीक. १५ ते २०च्या मध्ये असेल तर लक्ष ठेवावं. २०च्या वर पाणी कुठून येतं हे कळेपर्यंत पुढची बोलणी नाहीत, आणि ३०च्या पुढे लाकूड कुजायला लागलेलं असतं. दाबल्यावर भिंत भिजलेल्या बिस्किटासारखी लागली तर चहा प्या, आभार माना, घरी या. घासाघीस करत बसू नका, ती गाडी स्वस्तातही महागच पडते.

थंड इंजिन

सेल्फ मारण्यापूर्वी कूलंटचं आणि ऑइलचं झाकण उघडा. थंड इंजिनावरच, तापलेल्यावर कधीही नाही. ऑइलच्या झाकणाखाली ताकावरच्या लोण्यासारखा फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय, हेड गॅस्केट गेलंय अशी शंका घ्या. थंडीत नुसत्या जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडा फेस धरतो, म्हणून कूलंटमध्ये तेलाचा तवंग आहे का तेही पाहा. दोन्हीकडे असेल तर निघा.

मग एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं मागे उभं राहायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट जळतंय. चालवताना दुसऱ्या गिअरला खरखर, चढावर क्लच घसरणं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढणं, एवढं तरी बघाच. निदान अर्धा तास चालवा, त्यातला काही भाग मोटरवेवर.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललेला नाही असं समजायचं. टी-फोरच्या पाच सिलिंडरवाल्या डिझेलला असे दोन पट्टे असतात, पुढे टायमिंगचा आणि मागे डिझेल पंपाचा, आणि मागचा बऱ्याच जणांकडून राहून जातो. टायरच्या कडेवर चार अंक असतात: २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सात-आठ वर्षांपुढचे टायर मी बदलतो.

गॅस, वीज आणि मागची सीट

शेगडी पेटवून बघा, सगळे बर्नर. ज्योत निळी हवी. गॅसच्या नळीवर छापलेलं साल वाचा, पाचेक वर्षांपुढची नळी बदलायची. नळकांड्याच्या कप्प्याला तळाशी भोक हवं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. ते भोक लोक थंडी वाजते म्हणून बुजवतात. तसं दिसलं तर त्या माणसानं बाकी काय काय केलं असेल याचा अंदाज येतो. निळ्या नळकांड्यातला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास थकतो. हिवाळ्यात जाणार असाल तर लाल, प्रोपेनचं घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर घेतल्या दिवशी लावा. पूर्ण गॅसची तपासणी मात्र गॅस सेफ या इथल्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या, अशा गाड्यांचं काम करणाऱ्या माणसाकडूनच.

विजेत फार खोल जायला नको: राहण्याची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी आहे ना, निळ्या प्लगनं बाहेरची वीज जोडल्यावर फ्रिज आणि प्लग चालतात ना, आणि मागच्या पॅनेलमध्ये तारांचा गुंता चिकटपट्टीनं गुंडाळलेला नाही ना.

पलंगाची सीट होते, त्या सीटवर मुलं बसून जाणार असतील तर मात्र थांबा. सीट आणि तिचे पट्टे चासीला धरून आहेत की नुसत्या प्लायच्या फळीला? स्वस्तातल्या घरगुती रूपांतरात ती चार लहान बोल्टांवर उभी असते. चाचणी झालेल्या सीटचं प्रमाणपत्र मागा. इथे मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला स्वतःची कार सीट लागते, तेव्हा ती घरून घेऊन जा आणि बसवून बघा. आमची बसली नाही म्हणून एक चांगली गाडी सोडली.

कागद आणि पैसे

नोंदणीचं पुस्तक, व्ही-फाइव्ह-सी, यावर लिहिलेला पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो पत्ता एकच असावा. हे पुस्तक मालकीचा पुरावा नाही, त्यात फक्त गाडी सांभाळणाऱ्याची नोंद असते. म्हणून कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का, अपघातात बाद झालेली आहे का, हे पैसे देऊन तपासा. एस (सांगाड्याला मार लागून बाद ठरवलेली) किंवा एन (सांगाडा सोडून बाकी नुकसानीमुळे बाद ठरवलेली) असा शेरा निघाला तर गाडी वाईटच असेल असं नाही, पण भाव त्या हिशेबानं हवा. न बघता अनामत मागणाऱ्याला, कारण कितीही करुण असलं तरी, नाही म्हणा.

हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. मी पाचवा हिस्सा बाजूला ठेवायला सांगतो: बेल्ट, टायर, पाइप, नळी, बॅटरी. भाव करताना "थोडं कमी करा" म्हणून काही होत नाही. "टायर २०१४चे आहेत, बेल्टचं बिल नाही" असं म्हटलं की होतं.

पैसे बँकेतून पाठवा, सहीची पावती घ्या, नोंदणीच्या पुस्तकातली, नव्यानं गाडी घेणाऱ्यासाठीची हिरवी पुरवणी फाडून घ्या. आधीच्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही. त्या पुरवणीवरचा १२ अंकी आकडा घालून तिथेच उभ्या उभ्या फोनवरून टॅक्स भरा, विमा सुरू झाल्याची खात्री करा आणि मगच किल्ली फिरवा.

पहिली रात्र

पहिली रात्र स्वतःच्या दारात काढा. आम्ही निळीनंतरची गाडी आणली त्या रात्री वरून बागेची नळी सोडली, आत झोपलो, आणि कुकर लावून खिचडीही केली. छत गळलं नाही. पण दोन शिट्ट्यांत सगळ्या काचांवरून ओघळ लागले, म्हणून स्वयंपाकाला छताची झडप उघडायची हे कळलं. सांडशी घरात राहिली होती. झाकण उतरवायला मुलीचा पायमोजा वापरला. पहाटे तीनला बायको उशी घेऊन घरात निघून गेली आणि सकाळी मेव्हण्याला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं: "खाली वाळलेलं आहे का बघा."

मी पुठ्ठा घेऊन खाली गेलो. वाळलेलं होतं.